गाठ कापायची की थांबायचं, याच्या आधीचा प्रश्न

पत्राचा गोषवारा: वाचक ताई ४१ वर्षांच्या आहेत. दोन मुलं, चौदा आणि नऊ वर्षांची. काही महिन्यांपूर्वी पाठीत कळा आल्या म्हणून सीटी स्कॅन केलं. मुतखडा निघाला आणि तो औषधांवर पडूनही गेला. पण त्याच स्कॅनमध्ये स्वादुपिंडाच्या शेपटीच्या टोकाला १२ मिलिमीटरची गाठ दिसली. पुढे गॅलियम डोटाटेट पेट स्कॅन झालं. त्यात गाठ उजळली आणि रिपोर्टवर 'न्यूरोएंडोक्राइन ट्यूमरची शक्यता' असा शेरा आला. बायोप्सी झालेली नाही. रक्तातलं क्रोमोग्रॅनिन ए (न्यूरोएंडोक्राइन पेशींतून रक्तात येणारं प्रथिन) नॉर्मलच्या तिप्पट आलं. सर्जन म्हणतात, गाठ लहान आहे, काही त्रास देत नाही, सहा महिन्यांनी पुन्हा स्कॅन करू. नवऱ्याला आणि थोरल्या भावाला हा वेळकाढूपणा वाटतो. भाऊ स्टीव्ह जॉब्स यांचं उदाहरण देतो. ताई रात्री जागून केस रिपोर्ट वाचतात आणि एवढ्याच आकाराच्या गाठीतून आजार यकृतात पसरल्याची एक केस वाचल्यापासून त्यांची झोप उडाली आहे. त्या विचारतात: ऑपरेशन करून मोकळं व्हावं की डॉक्टरांचं ऐकून थांबावं? थांबले तर मुलांचा विश्वासघात केल्यासारखं होईल का? मुलांच्याही तपासण्या करून घ्याव्यात का? पत्रात जाता जाता त्यांनी लिहिलंय की हा त्यांचा दुसरा मुतखडा, ॲसिडिटीची गोळी गेली सहा-सात वर्षं रोज चालू आहे, आणि वडिलांनाही खड्यांचा त्रास होता. ते पन्नाशीच्या आत 'पोटातला अल्सर फुटून' गेले.

ताई,

सर्वांत आधी एक गोष्ट सांगते, म्हणजे पुढचं शांतपणे वाचता येईल. तुम्ही वर्णन केलेली गाठ जर खरोखर न्यूरोएंडोक्राइन ट्यूमर असेल, तर या आकाराच्या गाठी बहुतेक वेळा अतिशय सावकाश वाढतात. काही आठवडे नीट तपासण्या करण्यात गेले म्हणून तुमचं नुकसान होणार नाही. आज रात्री कोणताही निर्णय घ्यायचा नाही. स्वादुपिंडाच्या नेहमीच्या कॅन्सरबद्दल लोक जे भयंकर ऐकून असतात, तो आजार वेगळा. तो पाचकरस वाहून नेणाऱ्या नलिकांच्या पेशींतून होतो. तुमच्याबाबत संशय आहे तो हार्मोन तयार करणाऱ्या पेशींच्या गाठीचा. अवयव एकच असला तरी दोन्हींची चाल अगदी निराळी असते.

आता तुमच्या प्रश्नाकडे येते. तुम्ही मला दोन दारं दाखवून विचारलंत की कोणत्या दारातून जाऊ. मला मात्र वाटतं की दोन महत्त्वाच्या गोष्टी तुम्ही, घरच्यांनी आणि कदाचित तुमच्या डॉक्टरांनीही गृहीत धरल्या आहेत. पहिली, ही गाठ काय आहे ते नक्की झालंय. दुसरी, ही गाठ एकटी आहे. या दोन्ही तपासून पाहिल्याशिवाय 'कापायची की थांबायचं' याला अर्थ येत नाही.

पहिलीबद्दल आधी बोलू. डोटाटेट पेट स्कॅन ही उत्तम तपासणी आहे. न्यूरोएंडोक्राइन पेशींच्या पृष्ठभागावर सोमॅटोस्टॅटिन नावाच्या हार्मोनचे रिसेप्टर असतात. किरणोत्सारी गॅलियम जोडलेलं औषध त्यांना जाऊन चिकटतं आणि ती जागा उजळते. पण हे रिसेप्टर फक्त ट्यूमरवरच असतात असं नाही. प्लीहेच्या पेशींवरही ते भरपूर असतात. आणि बऱ्याच निरोगी माणसांना जन्मतः प्लीहेचा एखादा छोटा जादा तुकडा असतो, तो कधीकधी नेमका स्वादुपिंडाच्या शेपटीत रुतलेला असतो. सीटीमध्ये तो गोल, रक्ताने भरलेला, ठळक दिसतो. डोटाटेटमध्येही उजळतो. आकार साधारण एक-दोन सेंटिमीटर. म्हणजे तुमच्या रिपोर्टमधल्या वर्णनाशी हुबेहूब जुळेल असा. न्यूरोएंडोक्राइन ट्यूमर समजून स्वादुपिंडाची शेपटी कापली आणि नंतर सूक्ष्मदर्शकाखाली निरुपद्रवी प्लीहेचा तुकडा निघाला, अशा अनेक केसेस वैद्यकीय नियतकालिकांत छापलेल्या आहेत. तुमच्या रात्रीच्या वाचनात त्या आल्या नाहीत, कारण तुम्ही 'लहान गाठ पसरली' असं शोधत होतात. घाबरलेला माणूस तेच शोधतो, त्यात तुमचा काही दोष नाही.

तुमच्या बाबतीत तसंच असेल असं मी म्हणत नाही. वडिलांबद्दल तुम्ही जे लिहिलंय त्यामुळे मला उलट बाजूचीही शंका येते; त्याबद्दल पुढे. पण हा प्रश्न विचारायला हवा आणि त्याचं उत्तर मिळवता येतं. प्लीहेच्या पेशी ओळखणारं वेगळं स्कॅन असतं, त्यात स्वतःच्याच तांबड्या पेशी उष्णता देऊन, टेक्नेशियम जोडून शरीरात परत सोडतात आणि प्लीहा त्या टिपून घेते. नाहीतर एंडोस्कोपिक अल्ट्रासाऊंड करता येतं. त्यात तोंडातून दुर्बीण जठरापर्यंत नेऊन अगदी जवळून गाठ पाहतात आणि बारीक सुईने तिच्या पेशी काढतात. पेशी मिळाल्या आणि ट्यूमर ठरला, तर 'की-६७' या खुणेवरून किती टक्के पेशी विभाजनाच्या तयारीत आहेत ते मोजतात. ३ टक्क्यांहून कमी म्हणजे पहिली श्रेणी, ३ ते २० दुसरी, २० च्या वर तिसरी. हा एक आकडा गाठीच्या मिलिमीटरइतकाच बोलका असतो. सुईतून येणारे नमुने लहान असतात, त्यामुळे श्रेणी कधीकधी प्रत्यक्षाहून कमी दिसते, हे डॉक्टरांनी तुम्हाला सांगायला हवं. तरीही, काहीही माहीत नसण्यापेक्षा ते बरं.

आता ज्या ओळी वाचताना मी थांबले, त्यांच्याकडे येते. दुसरा मुतखडा. वर्षानुवर्षं ॲसिडिटीची गोळी. वडिलांना खडे आणि अल्सर. यातली एकेक गोष्ट सुटी घेतली तर अतिशय सामान्य आहे. खडे लाखो लोकांना होतात, ॲसिडिटीची गोळी घेणाऱ्यांची तर गणतीच नाही. पण या तिन्ही गोष्टी ज्या घरात आहेत, त्याच घरातल्या व्यक्तीच्या स्वादुपिंडात हार्मोनच्या पेशींची गाठ निघाली तर अंतःस्रावी ग्रंथींचं काम करणाऱ्या कुणाच्याही मनात एक नाव येतं: 'मल्टिपल एंडोक्राइन निओप्लाझिया, प्रकार १'. डॉक्टर मंडळी त्याला 'मेन-वन' म्हणतात.

हा आनुवंशिक आजार आहे. १९५४ मध्ये पॉल वर्मर या डॉक्टरांनी एका कुटुंबात एकापेक्षा जास्त ग्रंथींमध्ये गाठी होण्याची प्रवृत्ती पिढीतून पिढीत कशी उतरते ते मांडलं. पुढच्याच वर्षी, १९५५ मध्ये, रॉबर्ट झोलिंजर आणि एडविन एलिसन या सर्जननी अवघ्या दोन रुग्णांची हकीकत छापली: लहान आतड्यात वारंवार होणारे हट्टी अल्सर, बेसुमार आम्ल, आणि स्वादुपिंडात गाठ. त्या गाठीतून गॅस्ट्रिन नावाचं हार्मोन पाझरतं आणि ते जठराला सतत आम्ल बनवायला लावतं, हे नंतर स्पष्ट झालं. या दोन्ही कथांचे धागे पुढे एकमेकांत गुंफले गेले, कारण गॅस्ट्रिनच्या गाठी असणाऱ्यांत मेन-वनचे रुग्ण बरेच निघतात. कारणीभूत जनुक अकराव्या गुणसूत्रावर आहे. ते १९९७ मध्ये सापडलं. आईवडिलांपैकी एकाकडे बिघडलेली प्रत असेल तर प्रत्येक मुलाकडे ती येण्याची शक्यता निम्मी असते.

मेन-वनमध्ये सर्वांत आधी आणि जवळजवळ प्रत्येकाला होणारा बिघाड गळ्यातल्या पॅराथायरॉइड ग्रंथींचा. तांदळाच्या दाण्याएवढ्या या चार ग्रंथी रक्तातलं कॅल्शियम सांभाळतात. त्या जास्त काम करू लागल्या की हाडांतलं कॅल्शियम रक्तात येतं, रक्तातून लघवीत, आणि तिथे खडे बनतात. माणूस खड्यांवर उपचार घेत राहतो. गळ्याकडे कुणी पाहत नाही. नव्वद टक्क्यांहून अधिक रुग्णांत हा बिघाड असतो आणि बहुतेकांत तो तरुणपणीच सुरू झालेला असतो. त्यानंतर क्रम लागतो स्वादुपिंड व त्याला लागून असलेल्या आतड्याच्या सुरुवातीच्या भागातल्या गाठींचा, आणि मेंदूच्या तळाशी असलेल्या पिट्युटरी ग्रंथीचा.

म्हणून, ताई, माझी पहिली विनंती फार साधी आहे. तुमची जुनी फाइल काढा आणि प्रत्येक रक्ततपासणीत 'कॅल्शियम' ही ओळ शोधा. सर्वसाधारण मर्यादा डेसिलिटरमागे ८.५ ते १०.५ मिलिग्रॅमच्या आसपास असते, प्रयोगशाळेनुसार थोडी मागेपुढे. १०.८, ११ असे आकडे दिसले तर त्यांच्यासमोर छोटी खूण असेल आणि बहुधा कुणीच ती मनावर घेतली नसेल. आकडा दिसला नाही, तर पुढच्या भेटीत कॅल्शियम, अल्ब्युमिन (रक्तातलं एक प्रथिन), पीटीएच (पॅराथायरॉइडचं हार्मोन) आणि ड जीवनसत्त्व एकाच वेळी तपासायला सांगा. इथे एक खाचखळगा आहे जो मी वारंवार पाहते. कॅल्शियम वाढलंय आणि पीटीएच 'नॉर्मल' आलं म्हणून फाइल बंद केली जाते. पण कॅल्शियम वाढल्यावर निरोगी पॅराथायरॉइडने पीटीएच जवळजवळ थांबवायला हवं. अशा वेळी 'नॉर्मल' पीटीएच हाच बिघाड असतो.

तुमचं कॅल्शियम आणि पीटीएच दोन्ही खरोखर ठीक निघाले, तर ४१ व्या वर्षी मेन-वनची शक्यता खूपच खाली येते, आणि मग बोलणं पुन्हा त्या एका गाठीपुरतं उरतं. वाढलेले निघाले, तर मात्र सगळा क्रम बदलतो. मग आधी अंतःस्रावी ग्रंथींच्या तज्ज्ञांना, म्हणजे एंडोक्रायनॉलॉजिस्टना भेटायचं. जनुकीय समुपदेशन घेऊन मेन-वनची जनुक तपासणी करायची. उपाशीपोटी गॅस्ट्रिन, प्रोलॅक्टिन (पिट्युटरीचं एक हार्मोन) आणि डॉक्टरांना गरज वाटेल ती इतर हार्मोन पाहायची. आणि बहुतेकदा पहिली शस्त्रक्रिया पोटाची होत नाही, गळ्याची होते. कारण रक्तातलं जादा कॅल्शियम गॅस्ट्रिनच्या गाठींना आणखी उत्तेजन देतं. पॅराथायरॉइडचा प्रश्न सुटला की आम्लाचा जोरही पुष्कळदा उतरतो.

तुमच्या रोजच्या गोळीबद्दल मला जरा सविस्तर लिहायचंय, कारण एकाच गोष्टीने तुमच्या बाबतीत दोन गोंधळ झालेले असू शकतात. ओमेप्राझोल, पँटोप्राझोल या वर्गातली गोळी जठरातलं आम्ल बंद करते. आम्ल कमी झालं की जठर जास्त गॅस्ट्रिन सोडतं, त्याने जठरातल्या काही न्यूरोएंडोक्राइन पेशी वाढतात, आणि त्यांच्यातून क्रोमोग्रॅनिन ए रक्तात येतं. म्हणजे ज्या 'तिप्पट' आकड्याने तुमच्या भावाला धास्ती बसली, तो नुसत्या गोळीमुळेही येऊ शकतो. मूत्रपिंड नीट काम करत नसेल तरी तो वाढतो. माझं स्पष्ट मत आहे की अशी गोळी चालू असताना काढलेल्या क्रोमोग्रॅनिनच्या आकड्यावरून कुणालाही ऑपरेशनच्या टेबलावर नेऊ नये.

हा झाला पहिला गोंधळ. दुसरा याच्या उलट आहे. झोलिंजर-एलिसनचा आजार असेल तर हीच गोळी त्याला झाकून ठेवते. जळजळ थांबते, अल्सर भरतात, सर्व काही आलबेल वाटतं. तुमची गाठ 'काही त्रास देत नाही' असं म्हटलं जातंय; पण रोज गोळी घेऊन त्रास दबलेला असणं आणि मुळात त्रास नसणं यात फरक आहे. म्हणून डॉक्टरांना हे जरूर सांगा की गोळी एखाद दिवस चुकली तर काय होतं? छातीत आग उसळते का? पातळ जुलाब होतात का, आणि गोळी सुरू केल्यावर ते थांबले होते का?

आणि कृपा करून हे वाचून गोळी स्वतःहून बंद करू नका. सामान्यतः क्रोमोग्रॅनिन किंवा गॅस्ट्रिन पुन्हा तपासण्याआधी ती साधारण दोन आठवडे थांबवतात. पण खरोखर गॅस्ट्रिनची गाठ असलेल्या माणसाने ती अचानक सोडली तर आम्लाची लाट येते, अल्सरमधून रक्तस्राव होऊ शकतो, आतडं फुटूही शकतं. वडिलांचा इतिहास पाहता तुमच्या बाबतीत तर ही जोखीम घेऊच नये. गोळी कधी, कशी कमी करायची, मधल्या काळात दुसरं कोणतं औषध द्यायचं, हे डॉक्टरांच्या देखरेखीखालीच ठरू द्या.

'काही त्रास देत नाही' याची आणखी एक बाजू तपासायला हवी. हार्मोन सोडणारी गाठ असेल तर लहान आकार हे थांबण्याचं कारण ठरत नाही. इन्सुलिन सोडणारी गाठ बहुतेक वेळा दोन सेंटिमीटरपेक्षा लहानच असते आणि तरीही ती काढतात. जेवण लांबलं की घाम, थरथर, डोकं सुन्न होणं, वेड्यासारखं वागणं, आणि खाल्ल्यावर दहा-पंधरा मिनिटांत पूर्ववत होणं, असं काही तुम्हाला होतं का? सकाळी उठवताना घरच्यांना तुम्ही गोंधळलेल्या वाटता का? काही गाठींमुळे पाण्यासारखे जुलाब सतत होतात, काहींमुळे मधुमेहाबरोबर अंगावर विचित्र पुरळ येतं. बहुतेक प्रश्नांना तुमचं उत्तर 'नाही' असंच असेल. पण ते विचारले गेले पाहिजेत. ते न विचारता लावलेला 'त्रास न देणारी' हा शिक्का मला अपुरा वाटतो.

समजा हे सगळं झालं. गाठ ट्यूमर आहे, हार्मोन सोडत नाही, श्रेणी पहिली, नलिका फुगलेली नाही, लसिका ग्रंथी किंवा यकृतात काही नाही. मग काय?

मग तुमच्या सर्जनचा सल्ला वेळकाढूपणा नाही. दोन सेंटिमीटरपर्यंतच्या अशा गाठींवर लक्ष ठेवून थांबणं हा पर्याय युरोपातल्या तज्ज्ञांच्या मार्गदर्शक तत्त्वांत स्पष्टपणे आलेला आहे. 'ॲस्पेन' नावाच्या आंतरराष्ट्रीय अभ्यासात अशाच गाठींच्या रुग्णांचा मागोवा घेतला जातोय. २०२२ मध्ये त्यातल्या पहिल्या ५०० जणांची माहिती प्रसिद्ध झाली. त्यांतल्या साधारण ८० टक्के लोकांनी देखरेखीचा मार्ग धरला होता आणि सुमारे दोन वर्षांत त्यांच्यापैकी फार थोड्यांना शस्त्रक्रियेकडे वळावं लागलं. सावकाश वाढणाऱ्या आजारासाठी दोन वर्षं हा छोटा काळ आहे, हेही तितकंच खरं. तुम्ही ४१ च्या आहात, तुमच्यापुढे अनेक दशकं आहेत. म्हणून तुमच्या वयाच्या व्यक्तीला शस्त्रक्रिया सुचवणारा डॉक्टर चूक असं मी म्हणणार नाही. दोन्ही बाजूंना अभ्यासू माणसं आहेत.

शस्त्रक्रियेचा हिशोबही उघड्या डोळ्यांनी करा. स्वादुपिंडाची शेपटी काढतात तेव्हा कधीकधी प्लीहाही जाते. तसं झालं तर आधी ठरावीक लसी घ्याव्या लागतात आणि पुढे आयुष्यभर तापाकडे गांभीर्याने पाहावं लागतं. कापलेल्या टोकातून पाचकरस गळत राहणं ही नेहमीची गुंतागुंत आहे, त्याने रुग्णालयातला मुक्काम लांबतो. इन्सुलिन बनवणाऱ्या पेशी शेपटीकडे जास्त दाट असतात, त्यामुळे काहींना नंतर मधुमेह होतो. काही ठिकाणी फक्त गाठ सोलून काढता येते, पण त्यासाठी ती मुख्य नलिकेपासून पुरेशी दूर हवी. ज्या केंद्रात स्वादुपिंडाच्या शस्त्रक्रिया सातत्याने होतात, तिथे गुंतागुंत कमी होते आणि झालीच तर लवकर सावरली जाते. वर्षाला अशा किती शस्त्रक्रिया करता, हा प्रश्न सर्जनला विचारण्यात कोणताही उद्धटपणा नाही.

आणि मेन-वन निघालं, तर 'काढून मोकळं व्हा' हे म्हणणंच लागू होत नाही. तिथे एक गाठ काढली तरी उरलेल्या स्वादुपिंडात नव्या होतच राहतात. पुढच्या तीस-चाळीस वर्षांसाठी ते इंद्रिय जपून वापरायचं असतं. आज घाईने शेपटी गमावली आणि पाच वर्षांनी दुसऱ्या टोकाला खरी धोकादायक गाठ निघाली, तर हाताशी काय उरेल याचा विचार आधीच करावा लागतो. म्हणूनच मी कॅल्शियमच्या त्या ओळीसाठी एवढी आग्रही आहे. साध्या रक्ततपासणीने या मोठ्या निर्णयाची दिशा बदलू शकते.

लक्ष ठेवणं म्हणजे काय, हेही कागदावर घ्या. पुढची तपासणी कोणत्या महिन्यात? एमआरआय की एंडोस्कोपिक अल्ट्रासाऊंड? शक्यतो दर वेळी तीच पद्धत, तेच केंद्र. म्हणजे तुलना खरी होते. १२ ची गाठ १३ मिलिमीटर दिसली तर तो बहुधा मोजणीतला फरक असतो. वर्षभरात पाच मिलिमीटरची वाढ हा मात्र खरा इशारा. नलिका फुगली, नवी लक्षणं आली, गाठ दोन सेंटिमीटरकडे सरकली, तर काय करायचं हे आजच बोलून ठेवा. अशा तारखा आणि मर्यादा ठरलेल्या असतील तर तुमचा नवरासुद्धा याला टाळाटाळ म्हणणार नाही. आणि एवढं करूनही गाठ आत आहे या विचाराने तुम्हाला जगणं अशक्य झालं, तर तेही शस्त्रक्रियेचं वैध कारण आहे. मनाचा त्रास हिशोबात धरू नये असं कुणी सांगितलं, तर मानू नका.

भावाच्या उदाहरणाबद्दल. स्टीव्ह जॉब्स यांना २००३ मध्ये याच जातीच्या गाठीचं निदान झालं, शस्त्रक्रिया २००४ मध्ये झाली, २०११ मध्ये ते गेले. मधले नऊ महिने गेले नसते तर काय झालं असतं, हे एका माणसाच्या आयुष्यावरून कुणालाच सांगता येत नाही. शिवाय त्यांना डॉक्टर शस्त्रक्रिया करा म्हणत होते आणि ते टाळत होते. तुमचे डॉक्टर स्वतःच तारीख देऊन थांबायला सांगत आहेत. दोन्हीत 'थांबणं' आहे एवढंच साम्य. भावाला हे वाद घालून पटणार नाही. त्याला आणि नवऱ्याला पुढच्या भेटीला सोबत न्या, त्यांच्या शंका त्यांनाच विचारू द्या. तुमच्या पत्रात मला दोघांचा राग कमी आणि भीती जास्त दिसली.

केस रिपोर्ट वाचणं सोडा, असं मी सांगणार नाही. या शास्त्राचा पायाच अशा सुट्या हकीकतींवर उभा आहे. झोलिंजर आणि एलिसन यांचे दोनच रुग्ण होते. पण केस छापली जाते ती बहुधा वेगळी असते म्हणून. ज्यांची १२ मिलिमीटरची गाठ पंधरा वर्षं जागची हलली नाही, अशांची एकेकट्याची हकीकत क्वचितच कुणी लिहून काढतं. अमेरिकेतल्या कॅन्सर नोंदणीत १९७३ ते २०१२ या काळात न्यूरोएंडोक्राइन ट्यूमरचं प्रमाण सहापटींहून जास्त वाढलेलं दिसलं. दुसऱ्याच कारणासाठी केलेल्या स्कॅनमध्ये सापडणाऱ्या लहान, लवकरच्या टप्प्यातल्या गाठींचा त्यात मोठा वाटा मानला जातो. तुमची गाठही तशीच सापडली आहे. तुमची तुलना व्हायला हवी ती या लोकांशी.

आता वडील. त्यांचे जुने कागद कुणाकडे असतील तर शोधा: शस्त्रक्रियेची नोंद, मृत्यूचं कारण, कॅल्शियमचा एखादा आकडा. आत्या, काका, चुलत भावंडांना विचारा की कुणाला वारंवार खडे, गळ्याची शस्त्रक्रिया, डोक्यातल्या ग्रंथीची गाठ, हट्टी अल्सर झाले का. हे उकरून काढणं काहींना आवडणार नाही, तरी विचारा. १८८६ मध्ये जर्मनीत फ्रायबुर्ग इथे फेलिक्स फ्रेंकेल यांनी एका अठरा वर्षांच्या मुलीच्या दोन्ही ॲड्रिनल ग्रंथींतल्या गाठींचं वर्णन केलं होतं. १२० वर्षांनंतर संशोधकांनी तिच्या घराण्यातल्या हयात नातेवाइकांचा शोध घेतला, तेव्हा त्यांच्यात याच कुळातल्या दुसऱ्या आजाराचं, मेन-टूचं, जनुक बिघडलेलं सापडलं. २००७ मध्ये ते प्रसिद्ध झालं. मधल्या पिढ्यांतल्या लोकांना आपल्या आजाराचं मूळ माहीतच नव्हतं.

मुलांच्या तपासण्या आत्ता करू नका. जनुक तपासणी नेहमी आजार असलेल्या व्यक्तीपासून सुरू करतात. तुमच्यात विशिष्ट बिघाड सापडला, तरच मुलांमध्ये तोच बिघाड आहे की नाही हे ठामपणे सांगता येतं. आधी मुलांची तपासणी केली आणि ती 'नॉर्मल' आली, तर त्यातून काहीच ठरत नाही. तुमच्यात बिघाड सापडला, तर मात्र चालढकल करू नका. मेन-वनमध्ये शाळकरी वयातही देखरेख सुरू करतात, आणि ज्या मुलात तो बिघाड उतरलेला नसतो त्याची पुढच्या सगळ्या तपासण्यांतून कायमची सुटका होते. भावाचीही तपासणी तेव्हा करायला हवी. वडील त्याचेही होते, आणि त्याला कधी खडे झाले का, हे त्याला आजच विचारा.

चौदा वर्षांच्या मुलाला घरात काहीतरी चाललंय हे कळलेलं असणारच. त्याला सांगा की पोटात एक लहान गाठ दिसली आहे, ती काय आहे हे शोधणं चालू आहे, आत्ता घाई करण्यासारखं काही नाही, आणि उत्तर मिळालं की त्याला सांगितलं जाईल. धाकट्याला याहून कमी पुरेल. 'मला काहीच झालेलं नाही' असं मात्र दोघांनाही सांगू नका. सहा महिन्यांनी पुन्हा स्कॅनला जायचं आहे. थांबण्यात मुलांचा विश्वासघात होतो, हे मला मान्य नाही. तपासण्या पूर्ण करून, तारखा पाळून थांबणारी आई त्यांची काळजीच घेत असते.

पुढच्या भेटीपर्यंत शौचाचा रंग डांबरासारखा काळा झाला, रक्ताची उलटी झाली, पोटात अचानक असह्य दुखून पोट ताठरलं, किंवा भुकेच्या वेळी शुद्ध हरपल्यासारखं झालं, तर भेटीच्या तारखेची वाट न पाहता त्याच क्षणी रुग्णालयात जा. आणि रोजची गोळी किती वर्षं, कोणत्या ताकदीची घेताय, हे तिथे पोहोचताच सांगा.